पायऱ्यांपाशी थांबलेली तीनचाकी

काशीचे घाट कोणी बांधले, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. दशाश्वमेध घाट पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर पक्का बांधून काढला. त्याला लागूनच अहिल्याबाईंचा घाट आहे. पुढे नागपूरकर भोसल्यांचा आणि शिंद्यांचा. गंगेचा पश्चिम काठ उंच कड्यासारखा आहे. यात्रेकरूला पाण्यापर्यंत उतरता यावे म्हणून त्या कड्यावर चुनारच्या दगडाच्या पायऱ्या रचल्या गेल्या. मराठ्यांनी काशीत राज्य केले नाही, पण पायऱ्या केल्या. त्यांच्याविषयी आपल्याकडे अभिमानाने पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्या जिथे सुरू होतात तिथेच थांबणाऱ्या एका वाहनाविषयी लिहायचे आहे.

ते वाहन म्हणजे हाताने चालवायची तीनचाकी सायकल. मागे दोन चाके, पुढे एक, मधे बैठक आणि छातीसमोर किंवा बाजूला हाताने फिरवायचे पेडल. पायाच्या जागी हात, एवढाच फरक. साखळी, फ्रीव्हील, टायर-ट्यूब सगळे नेहमीच्या सायकलीचे. बनारसच्या गोदौलिया चौकात तासभर उभे राहिले तरी अशा दोनचार तीनचाक्या दिसतात. एखादीवर उदबत्त्यांची पुडकी असतात, एखादीवर फुगे, एखादीला मागे छत्री बांधलेली. दशाश्वमेधकडे जाणारा रस्ता पायऱ्यांच्या तोंडाशी संपतो, आणि तीनचाकीही तिथेच थांबते.

या वाहनाचा इतिहास मला अनेक वर्षे खुणावत आला आहे. त्याचे एक कारण घरचे आहे, ते पुढे सांगेन. दुसरे असे की, अपंगत्वाकडे बघण्याच्या तीन दृष्टी या एकाच यंत्रात एकमेकींना भिडतात. कोणी ते औषध समजतो, कोणी दान समजतो, आणि जगात काही जण त्याला खेळाचे साधन समजतात. हात तेच असतात, मुठी फिरवण्याची क्रिया तीच असते. मग आपल्याकडे ते बहुतेक वेळा दानाच्या पलीकडे का गेले नाही?

सुरुवात दूरची आहे. १६५५ साली, म्हणजे शिवाजी महाराज जावळी घेण्याच्या बेतात होते त्या सुमारास, जर्मनीत न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडोर्फ गावी स्टीफन फार्फ्लर नावाच्या बावीस वर्षांच्या घड्याळजीने स्वतःसाठी एक गाडी बनवली. तो पायांनी चालू शकत नव्हता. घड्याळाच्या दंतचक्रांची त्याला उत्तम जाण होती. तीन चाकांच्या खुर्चीला त्याने हाताने फिरवायच्या मुठी बसवल्या आणि त्यांचा जोर दातेरी चक्रांमधून पुढच्या चाकापर्यंत नेला. दोन चाकांची पहिली धावती गाडी कार्ल ड्राइसने रस्त्यावर आणली ती १८१७ साली, आणि तीही पायांनी जमिनीला रेटत न्यायची. म्हणजे अपंगाची तीनचाकी ही सायकलीची उपशाखा नव्हे. ती सायकलीहून एकशे साठ वर्षांनी मोठी आहे. आपल्याकडे तिला 'अपंगांची सायकल' म्हणतात, जणू धडधाकटांच्या वस्तूत कोणाच्या तरी सोयीसाठी केलेला फेरबदल. इतिहास उलटा आहे.

फार्फ्लरच्या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की बनवणारा आणि बसणारा एकच माणूस होता. कुठे हात पोचतो, किती वेळाने दमतो, चढ आला की काय होते, हे त्याला कोणाला विचारावे लागले नाही. पुढच्या साडेतीनशे वर्षांत हे दोन माणसे वेगळी होत गेली. बनवणारा एका शहरात, वाटणारा दुसऱ्या शहरात आणि बसणारा तिसऱ्याच गावात, अशी वाटणी झाली.

एकोणिसाव्या शतकात सायकलीच्या धंद्याने या गाडीला नवे सामान दिले. १८८० च्या आसपास रूळ बसवलेली साखळी आली. १८८८ साली डनलॉपने हवेच्या टायरचा हक्क नोंदवला. तो टायर त्याने आधी आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीलाच लावून पाहिला होता. मग पहिले महायुद्ध झाले. इंग्लंड-फ्रान्समध्ये पाय गमावलेले हजारो तरुण घरी परतले आणि हाताने चालवायच्या तीनचाक्या तिथल्या रस्त्यांवर नेहमीच्या झाल्या. त्या युद्धात आपलीही माणसे होती. मेसोपोटेमियातून परतलेल्या जखमी शिपायांना हाताला काम मिळावे म्हणून १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीच्या नावाने एक तांत्रिक शाळा सुरू झाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली आणि आजही तिथे आहे. पुनर्वसन हा शब्द मराठीत रुळण्यापूर्वी तो व्यवहारात आला, तो असा लष्कराच्या वाटेने.

नागरिकांपर्यंत तो पोचायला मात्र वेळ लागला, आणि पोचला तो पोलिओमुळे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या गावोगाव एखादे तरी मूल असे असायचे, की ज्याला चारपाच दिवस ताप आला आणि ताप उतरल्यावर एक किंवा दोन्ही पाय लुळे पडले. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये हा आजार शेवटपर्यंत चिवट राहिला. २००९ साली देशात ७४१ रुग्ण सापडले, त्यांतले बहुतेक या दोन राज्यांतले. नंतर दोनच वर्षांत, जानेवारी २०११ मध्ये, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात देशातला शेवटचा रुग्ण नोंदवला गेला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ही आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. पण आजार गेला तरी ज्यांना तो होऊन गेला होता ती माणसे राहिली. बनारसच्या रस्त्यावर आज जी पन्नाशी-साठीची माणसे तीनचाकीवर दिसतात, त्यांतली पुष्कळशी या पिढीची आहेत.

या पिढीसाठी सरकारी कारखाना उभा राहिला तो बनारसपासून फार लांब नाही. कृत्रिम अंग निर्माण निगम, ज्याला सगळे 'अलिम्को' म्हणतात, १९७२ साली कानपूरला स्थापन झाले आणि १९७६ पासून तिथे उत्पादन होऊ लागले. कुबड्या, कॅलिपर, व्हीलचेअर आणि तीनचाक्या. १९८१ साली केंद्राची साहाय्यक उपकरणांची योजना आली आणि गरीब अपंगाला ही साधने फुकट किंवा सवलतीत मिळण्याची सोय झाली. शाळा-महाविद्यालयाच्या मैदानावर मांडव, रांगेत उभ्या केलेल्या निळ्या-लाल तीनचाक्या, हार, भाषणे आणि नावांचा पुकारा, हे दृश्य देशभर परिचित झाले.

माझा मामा त्याच दृश्यातला. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी त्याला दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला. अठराव्या वर्षापर्यंत तो हातांवर घसटत चाले; आजी त्याच्या तळहातांना रबरी चपलेचे तुकडे बांधून द्यायची. १९८० नंतर तालुक्याच्या एका शिबिरात त्याला तीनचाकी मिळाली. तो तहसील कचेरीसमोर अर्ज लिहून देऊ लागला, त्याचे लग्न झाले, मुले शिकली. तीनचाकीने त्याला जमिनीवरून उचलून माणसांच्या उंचीवर आणले, हे तो शेवटपर्यंत सांगायचा. पूर्वी त्याला लोकांचे गुडघे दिसत, आता चेहरे दिसू लागले. त्यामुळे दानाविषयी मी पुढे जे लिहिणार आहे, ते दान नको म्हणून नव्हे. त्या शिबिराचे ऋण आमच्या घरावर आहे.

पण त्याच्या तीनचाकीचे माप कोणी घेतले नव्हते. पेडल उजव्या बाजूला होते. उजव्या हाताने ते फिरवायचे आणि डाव्या हाताने दांडा धरून दिशा द्यायची, अशी ती रचना. पंधरा वर्षांत त्याचा उजवा खांदा कायमचा दुखावला. ज्याचे पाय आधीच गेले, त्याचा हात म्हणजेच पाय. तो हात झिजला तर दुसरी सोय नाही. चढावर एकच गिअर असलेली ती अवजड गाडी ओढवत नसे, तेव्हा शाळेतली पोरे मागून ढकलत. पोरांच्या मर्जीवर त्याचे बाजारात जाणे ठरे. टायर झिजला तर तालुक्याच्या दुकानात त्या मापाचा मिळेलच असे नव्हते. तीनचाकी देणारे पुष्कळ होते, पण तिची बॉल-बेअरिंग बदलून देणारा एकही नव्हता.

हा प्रश्न नुसता कारागिरीचा नाही, तो बघण्याचा आहे, आणि इथे बनारसशी नाते असलेल्या एका माणसाची आठवण करणे भाग आहे. डॉक्टर प्रमोद करण सेठी यांचा जन्म १९२७ साली बनारसमध्ये झाला. वडील हिंदू विश्वविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत. पुढे ते जयपूरला अस्थिशल्यचिकित्सक झाले. आपण दिलेले विलायती धर्तीचे कृत्रिम पाय रुग्ण वापरत नाहीत, ते कुबड्यांवरच परत येतात, हे त्यांच्या ध्यानात आले. तो पाय बूट घालणाऱ्यासाठी आणि खुर्चीवर बसणाऱ्यासाठी केलेला होता. आपला माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, चिखलात उतरतो. रामचंद्र शर्मा या कसबी कारागिराबरोबर त्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस जो रबरी पाय तयार केला, तोच 'जयपूर फूट'. १९८१ साली सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचे सार एवढेच, की आधी माणूस कसा जगतो ते पाहायचे आणि मग साधन करायचे. पायाच्या बाबतीत आपण हे शिकलो. चाकाच्या बाबतीत तसा डॉक्टर आणि तसा कारागीर एकत्र आलेले फारसे दिसत नाहीत.

आता खडकीकडे वळतो, कारण औषधाकडून खेळाकडे जाणारी वाट महाराष्ट्रात तिथूनच स्पष्ट दिसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमान या डॉक्टरांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग चालवायला घेतला. तोवर अशा रुग्णाला अंथरुणात ठेवून मरणाची वाट पाहायची, हीच रीत होती. गुटमान यांनी त्यांना उठवले, खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते त्याच दिवशी, रुग्णालयाच्या आवारात सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. तिच्यातूनच पुढे १९६० साली रोमला पॅरालिंपिक उभे राहिले.

बारा वर्षांनी, १९७२ साली, हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक घेतले ते सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांनी. ते सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे शरीर लुळे पडले. रुग्णालयात त्यांना पोहायला सांगितले ते उपचार म्हणून. उपचारात गोडी लागली, गोडीतून ईर्ष्या आली आणि ईर्ष्येतून पदक. औषध, विरंगुळा आणि खेळ ही एकाच रस्त्यावरची तीन गावे आहेत, हे पेटकरांच्या आयुष्याइतके सरळ दुसरे काही सांगत नाही. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, म्हणजे पदकानंतर शेहेचाळीस वर्षांनी. एवढ्या वर्षांत त्यांचे नाव शाळेतल्या किती मुलांना ठाऊक होते, हे ज्याने त्याने आपल्या शाळेपुरते आठवून पाहावे. खडकीला १९७४ साली सैनिकांसाठी पक्षाघात पुनर्वसन केंद्र सुरू झाले. तिथे खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळणारे जवान पुणेकरांना अपरिचित नाहीत.

पण हे सगळे सैनिकांचे झाले. सैनिकाच्या जखमेला समाज मान देतो, म्हणून त्याच्या खेळालाही देतो. पोलिओ झालेल्या कोष्ट्याच्या मुलाला किंवा झाडावरून पडलेल्या मजुराला ही वाट कोण दाखवणार?

जगात तीनचाकीचे पुढे काय झाले, ते इथे सांगितले पाहिजे. १९८० च्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात काही जणांनी ही गाडी हलकी आणि ठेंगणी केली. बसणारा मागे रेलून बसतो, पाय पुढे पसरलेले. दोन्ही मुठी सायकलच्या पेडलसारख्या एकाआड एक न ठेवता बरोबरीने ठेवल्या, त्यामुळे दोन्ही हात एकाच वेळी ढकलतात आणि ओढतात, पाठीचा आणि छातीचाही जोर लागतो. त्याच मुठींनी दिशा देता येते आणि गिअरही बदलता येतात. व्हीलचेअरची कड पुन्हापुन्हा ढकलण्यापेक्षा अशा फिरवण्यात शक्ती कमी वाया जाते आणि खांद्याच्या सांध्यावर ताण कमी येतो, हे अभ्यासकांनी मोजून दाखवले. ज्याचे पाय चालत नाहीत त्याच्या हृदयाला आणि फुप्फुसाला व्यायाम मिळण्याची वाट हातांमधूनच जाते, म्हणून डॉक्टरांनीही ती उचलून धरली. २००४ साली अथेन्सच्या पॅरालिंपिकमध्ये हँडसायकलच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या. आज तिथे खेळाडूंचे पाच वर्ग असतात. मानेच्या मणक्याला इजा झाल्याने हातही अशक्त असलेल्यांचा वर्ग वेगळा, आणि कमरेत बळ असल्याने गुडघ्यांवर बसून चालवणाऱ्यांचा वेगळा. इटलीचे आलेस्सांद्रो झनार्डी हे मोटारींच्या शर्यतीतले चालक. २००१ साली अपघातात त्यांचे दोन्ही पाय गेले. २०१२ साली लंडन पॅरालिंपिकमध्ये त्यांनी हँडसायकलवर सुवर्णपदके मिळवली, तीही ब्रँड्स हॅच या मोटारींच्या शर्यतीच्या मैदानावर.

या गाडीची किंमत आपल्याकडे काही लाखांत जाते. तेवढ्या पैशांत शिबिरातल्या कितीतरी तीनचाक्या येतील, हा हिशेब कोणीही मांडेल, आणि तो चुकीचाही नाही. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे: अपंगाची गरज म्हणजे घरापासून बाजारापर्यंत जाणे. त्यापलीकडे त्याला उगाच फिरावेसे वाटेल, दमावेसे वाटेल, मित्राशी पैज लावून पुलापर्यंत आधी पोचावेसे वाटेल, हे त्या हिशेबात कुठे नसते. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये अपंगांसाठी वेगळी छोटी दौड असते. तिथे साध्या खुर्च्या घेऊन आलेल्यांच्या चेहऱ्यावरची मजा ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ही भूक किती जुनी आहे ते कळेल.

बनारस हे तर मोक्षाचे आणि दानाचे शहर. इथे अन्नछत्रे उभारली ती आपल्याच संस्थानिकांनी आणि सावकारांनीही. पायरी बांधणे पुण्याचे, पायरीवर बसलेल्याला देणे पुण्याचे. त्या पुण्याच्या व्यवस्थेत पांगळ्या माणसाची जागा ठरलेली होती: तो पायरीच्या वरच्या टोकाला बसेल आणि यात्रेकरू येता-जाता त्याला देईल. देवाच्या कृपेने पांगळा डोंगर ओलांडतो, अशी आपली प्रार्थना आहे. डोंगराला उतार करावा, असे मात्र प्रार्थनेत नाही.

दशाश्वमेधच्या वाटेवर उदबत्त्या विकणाऱ्या एका तीनचाकीवाल्याशी मी बोलत होतो. पाऊण तास झाला असेल. तेवढ्यात चारपाच जणांनी त्याच्या मांडीवर नाणी टाकली आणि उदबत्ती न घेताच ते पुढे गेले. एका बाईंना त्याने हाक मारली, "माताजी, पुडा घेऊन जा." त्या हात जोडून म्हणाल्या, नको नको, ठेव तुलाच. तो माझ्याकडे पाहून हसला. म्हणाला, "भैया, दुकान टाकलंय मी. पण लोकांना दुकान दिसतच नाही, तीनचाकी दिसते." त्याच्या पुड्यावर छापील किंमत होती. ती देऊन उदबत्ती घेणारे त्याला दिवसाकाठी किती भेटत, ते मी विचारले नाही.

शब्दांचेही तसेच आहे. बनारसने आपल्या सर्वांत लाडक्या आंब्याला 'लंगडा' म्हटले. तो एका लंगड्या माणसाच्या अंगणात पहिल्यांदा पिकला, अशी लोककथा आहे. २०२३ साली त्या आंब्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या माणसाचे नाव कोणालाच ठाऊक नाही, त्याच्या पायाची चाल तेवढी फळाला चिकटून राहिली. मराठीत आपण लुळा-पांगळा म्हणत होतो, मग अपंग म्हणू लागलो, सरकारी कागदावर विकलांग आले. डिसेंबर २०१५ मध्ये आकाशवाणीवरच्या भाषणात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि लवकरच तो खात्यांच्या पाट्यांवर चढला. अपंगांच्या काही संघटनांनी त्याला हरकत घेतली: आमच्या अंगात दिव्य काही नाही, आम्हाला रस्ता द्या. पुढच्याच महिन्यात, २२ जानेवारी २०१६ रोजी, बनारसच्या डिझेल इंजिन कारखान्याच्या मैदानावर मोठा समारंभ होऊन हजारोंना साधने वाटली गेली. तीनचाक्यांच्या रांगा लागल्या. २९ फेब्रुवारी २०२० ला शेजारच्या प्रयागराजला सव्वीस हजारांहून अधिक जणांना एकाच समारंभात साधने मिळाली आणि वाटपाचे विश्वविक्रमही नोंदवले गेले.

तीनचाकीच्या नावावर विक्रम झाला, पण तो वाटपाच्या समारंभातला होता, शर्यतीतला नव्हता. यात कोणा एका पक्षाला किंवा सरकारला धरून काही म्हणायचे नाही. १९८१ पासून आजवर मांडव तोच आहे. त्या मांडवातून माझा मामा माणसात आला आणि त्याच मांडवाने त्याला आयुष्यभर 'लाभार्थी' ठेवले.

मधल्या काळात गरजही बदलली आहे. पोलिओ स्नायूंचे बळ नेतो, पण स्पर्श नेत नाही; लाकडी फळीवर बसून दुखले तर माणूस सरकून बसतो. मणक्याला इजा झालेल्याला कमरेखाली काही जाणवतच नाही. कठीण बैठकीवर दोन तास गेले तर त्याला दाबाने जखम होते, ती चिघळते आणि वेळेला जिवावर बेतते. छपरावरून, झाडावरून पडून किंवा मोटारसायकलच्या अपघातात मणका मोडलेले तरुण आज वाढत आहेत. त्यांना गादी हवी, पाठीला आधार हवा, अंगाच्या मापाची बैठक हवी. पोलिओच्या पिढीसाठी आखलेली तीनचाकी त्यांच्या हाती देणे म्हणजे एका माणसाचा चष्मा दुसऱ्याला लावणे होय.

माप घेऊन काम करणारी ठिकाणे बनारसला नाहीत असे नाही. शहराबाहेर माधोपूरला 'किरण' नावाची संस्था आहे. मूळच्या स्वित्झर्लंडच्या संगीता ज्युडिथ केलर यांनी १९९० साली पोलिओ झालेल्या मोजक्या मुलांना घेऊन ती सुरू केली. तिथे शाळा आहे, उपचार आहेत, कॅलिपर आणि इतर साधने बनवण्याची कार्यशाळा आहे. मूल वाढते तसे त्याचे साधन बदलावे लागते, एवढी साधी गोष्ट तिथे कामाच्या मुळाशी आहे. आपल्याकडे कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या बाईंनी ती उभी केली, हे महत्त्वाचे. त्यांच्या आत्मकथनाचे नावच 'चाकाची खुर्ची' आहे. फार्फ्लरच्या घरात बनवणारा आणि बसणारा एक होता. अशा ठिकाणी ते दोघे निदान एका छपराखाली येतात.

पायऱ्यांचेही थोडे बदलते आहे. विश्वनाथाच्या नव्या परिसरात उतार आणि सरकते जिने झाले. राजघाटाच्या पुलाजवळच्या जुन्या खिडकिया घाटाचे नमो घाट म्हणून नूतनीकरण झाले, तिथे चाकांवर बसून नदीजवळ जाता येते. २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक जागा सर्वांना पोचता येतील अशा करणे बंधनकारक केले आहे. बाकीच्या ऐंशीएक घाटांवर हे कसे होईल, होईल की नाही, हा वारशाचाही अवघड प्रश्न आहे. अहिल्याबाईंच्या पायऱ्या फोडा, असे मी म्हणणार नाही.

पण तीनचाकीला बनारसमध्ये पायऱ्यांशिवाय दुसरी वाट आहे, आणि ती काशीच्या इतिहासातच आहे. पंचक्रोशीची यात्रा शहराला बाहेरून वेढा घालते. साधारण पंचवीस कोस, म्हणजे ऐंशी किलोमीटर. यात्रेकरू ती पाच दिवसांत पायी करतात. कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे मुक्काम ठरलेले आहेत, मुक्कामाला धर्मशाळा आहेत, तळी आहेत, आंब्याच्या बागांची सावली आहे. मणिकर्णिकेपासून अस्सीपर्यंतचा घाटांचा भाग सोडला तर पुढची वाट गंगेच्या मैदानातली, सपाट आणि डांबरी. हँडसायकलच्या लांब पल्ल्याच्या शर्यती साठ-सत्तर किलोमीटरच्या असतात. म्हणजे औषधाला पुरेसे अंतर, विरंगुळ्याला पुरेसा निसर्ग आणि शर्यतीला पुरेसा रस्ता काशीच्या भोवती शतकानुशतके आखून ठेवलेला आहे.

त्यासाठी आधी काय लागेल? लाखांची गाडी नव्हे. माप घेणारा एक माणूस लागेल, चढाला दुसरा गिअर लागेल आणि कंदव्यापासून कपिलधारेपर्यंत दर मुक्कामाला त्या मापाचे टायर-ट्यूब ठेवणारा एक पंक्चरवाला लागेल. दानाची इच्छा ज्याला असेल त्याने पहिल्या वर्षी एवढेच करावे. मग कोणी तिथे पुण्यासाठी जाईल, कोणी खांद्याच्या व्यायामाला, आणि चारपाच पोरे पहाटे निघतील ती रामेश्वरला आधी कोण पोचतो ते पाहायला.